क्रूसाचे चिन्ह आणि खोटी साक्ष

निवडणुकीच्या दिवसांत रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात माणसे घोळक्याने उभी राहतात आणि एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘फादर, खरी बातमी नेमकी कोणत्या पेपरात येते?’ विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ज्या वृत्तपत्रात त्याच्या पक्षाची बाजू येते ते त्याच्या लेखी निर्भीड, आणि ज्यात त्याच्या पक्षावर टीका येते ते विकले गेलेले. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण आपण शेजारणींच्या भांडणासाठी राखून ठेवली आहे. वस्तुतः ती वृत्तपत्र उघडतानाही आपल्या शेजारी बसलेली असते.

राजकीय बातमीची निःपक्षपातिता पारखायची कशी? चालू घडामोडींवर हा अभ्यास करणे अवघड असते. तेथे आपण स्वतःच वादी किंवा प्रतिवादी असतो, आणि ज्या कागदांवरून खरेखोटे ठरावे ते कागद अजून सरकारी कपाटांत कुलूपबंद असतात. म्हणून ज्याचा निकाल पूर्णपणे लागला आहे आणि ज्याची कागदपत्रे उघड झाली आहेत, असे एखादे जुने प्रकरण घ्यावे. शक्य झाल्यास असे घ्यावे, की ज्यात चुकलेले वृत्तपत्र परक्याचे नसून आपल्याच घरातले आहे. फ्रान्समधील ड्रेफस प्रकरण हे तसे प्रकरण होय, आणि आपल्या घरातले ते वृत्तपत्र म्हणजे पॅरिसचे कॅथोलिक दैनिक ‘ला क्रुआ’. या नावाचा अर्थ ‘क्रूस’ असा आहे.

खटला

१८९४ सालच्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या जर्मन वकिलातीतील लष्करी प्रतिनिधी श्वार्ट्झकोपेन याच्या केराच्या टोपलीतील एक फाटके पत्र फ्रेंच लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाच्या हाती आले. वकिलातीत झाडलोट करणारी बाई तेथील रद्दी या विभागाला पोचवीत असे. पत्रावर सही नव्हती. तोफखान्यासंबंधीच्या व इतर गोपनीय माहितीची ती यादी होती. कोणी फ्रेंच अधिकारी जर्मनीला माहिती विकतो आहे, हे उघड होते. संशय गेला तो कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांच्यावर. वय ३५, तोफखान्यातील अधिकारी, जर्मनीने बळकावलेल्या अल्सास प्रांतातून आलेले, आणि धर्माने ज्यू. १५ ऑक्टोबर रोजी त्यांना अटक झाली. हस्ताक्षराबाबत एकूण पाच तज्ज्ञांची मते घेण्यात आली. त्यांपैकी दोघांनी ते अक्षर ड्रेफस यांचे नाही, असे सांगितले होते.

पुराव्याची ही अवस्था पाहता प्रकरण गुपचूप मिटले असते. परंतु १ नोव्हेंबर रोजी एदुआर द्रुमाँ यांच्या ‘ला लिब्र पारोल’ या उघडपणे ज्यूद्वेष्ट्या दैनिकाने एका ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोहाबद्दल अटक झाल्याची बातमी त्याच्या नावासह ठळकपणे छापली. त्यानंतर युद्धमंत्री जनरल मर्सिए यांना मागे फिरणे कठीण झाले. खटला उभा राहण्यापूर्वीच, नोव्हेंबरच्या अखेरीस, त्यांनी ‘ल फिगारो’ या दैनिकाला मुलाखत दिली आणि अपराध निश्चित असल्याचे सांगून टाकले. न्यायाधीशांनी काही ऐकण्याआधी वाचकांनी निकाल वाचला होता.

१९ ते २२ डिसेंबर या काळात बंद दाराआड लष्करी न्यायालय बसले. साक्षीपुरावा दुबळा पडतो आहे असे दिसताच, आरोपी व त्याचा वकील यांना न दाखवता, एक गुप्त पाकीट न्यायाधीशांच्या हाती देण्यात आले. सातही न्यायाधीशांनी एकमताने दोषी ठरवले. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या लष्करी विद्यालयाच्या पटांगणात ड्रेफस यांच्या गणवेशावरील चिन्हे ओरबाडून काढण्यात आली आणि तलवार मोडण्यात आली. मी निर्दोष आहे, असे ते ओरडून सांगत होते आणि कुंपणाबाहेरचा जमाव त्यांच्या मृत्यूची मागणी करीत होता. पुढे त्यांना दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील ‘सैतानाचे बेट’ नावाच्या खडकावर एकांतवासात ठेवण्यात आले.

दुखावलेले वाचक आणि त्यांचे वृत्तपत्र

२९ जुलै १८८१ च्या कायद्याने फ्रेंच वृत्तपत्रांना मोठे स्वातंत्र्य दिले होते. पाच सांतीमच्या नाण्यात दैनिक मिळू लागले. ‘ल पती जुर्नाल’ या एकाच दैनिकाचा खप दहा लाखांवर गेला होता. स्वातंत्र्य होते, वाचक होते, स्पर्धा होती; जबाबदारी मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेली होती.

‘ला क्रुआ’ हे दैनिक स्वरूपात १८८३ मध्ये सुरू झाले. असम्प्शनिस्ट व्रतस्थ संघाचे फादर व्हँसाँ द पॉल बाय्यी हे त्याचे संस्थापक संपादक होते आणि ‘संन्यासी’ या टोपणनावाने ते लिहीत. मुखपृष्ठावर मोठा क्रूस छापलेला असे. खेडोपाडी त्याच्या सुमारे शंभर स्थानिक आवृत्त्या होत्या, आणि धर्मग्रामांत ते पोचवण्याचे काम धर्मगुरू व प्रापंचिक कार्यकर्ते सेवा म्हणून करीत. ज्या शेतकऱ्याच्या घरी दुसरे कोणतेही वर्तमानपत्र येत नसे, त्याच्या घरी क्रूसाचे चिन्ह असलेले हे वर्तमानपत्र येई. त्यावर तो विश्वास ठेवी, कारण ते ‘आपले’ होते.

हे वाचक दुखावलेले होते, हे आपण विसरू नये. १८८० मध्ये येशूसंघीयांच्या मठांना सरकारने टाळे ठोकले. त्यानंतरच्या कायद्यांनी सरकारी शाळांतून धर्मशिक्षण गेले, अनेक ठिकाणी भिंतीवरचा क्रूसही गेला. १८८२ मध्ये ‘युनियन जनराल’ ही कॅथोलिकांची बँक बुडाली आणि अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी तिच्याबरोबर गेली. १८९२ मध्ये पनामा कालव्याचा आर्थिक घोटाळा उघड झाला. या प्रत्येक जखमेचे कारण वेगळे होते. परंतु द्रुमाँ यांनी १८८६ सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात सर्व दुःखांना एकच कारण पुरवले होते : ज्यू. ‘ला क्रुआ’ने ते कारण स्वीकारले. १८९० मध्ये, म्हणजे ड्रेफस यांचे नाव कोणी ऐकण्यापूर्वीच, या पत्राने स्वतःला फ्रान्समधील सर्वांत ज्यूविरोधी वृत्तपत्र म्हणवून घेतले होते, आणि तेही अभिमानाने!

म्हणून जेव्हा १८९४ मध्ये अटकेची बातमी आली, तेव्हा ‘ला क्रुआ’ला तपास करण्याची गरज भासली नाही. गोष्ट त्याच्याकडे आधीच तयार होती. फक्त नाव घालायचे बाकी होते. पुढे ड्रेफस यांच्या निर्दोषत्वाविषयी जे जे बोलू लागले, त्या सर्वांना इतर ज्यूविरोधी पत्रांप्रमाणे त्यानेही ज्यू, प्रोटेस्टंट आणि फ्रीमेसन यांच्या एका कटाचे हस्तक ठरवले. ते काय म्हणतात याचे उत्तर देण्याऐवजी ते कोण आहेत हे सांगण्यात रकाने भरले. पक्षपाती बातमीचे हे पहिले लक्षण होय. ती नेहमीच धडधडीत खोटी असते असे नाही. पुष्कळदा ती पुराव्याच्या प्रश्नाला माणसाच्या जातकुळीचे उत्तर देते.

कागद बोलू लागतात

ड्रेफस यांची सुटका अखेर कोणी केली? पिकार, लाझार, झोला, जोरेस या व्यक्तींची नावे आपण घेतो आणि ती घेणे योग्यच आहे. परंतु वृत्तपत्रांच्या दृष्टीने पाहिले, तर मोठे काम केले ते प्रसिद्ध झालेल्या कागदांनी. आणि गंमत अशी, की त्यांतील काही कागद ड्रेफस यांच्या विरोधकांनीच छापले होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये ‘लेक्लेअर’ या पत्राने ड्रेफस यांचा अपराध ठसवण्यासाठी गुप्त पाकिटातील एका पत्राची हकीकत छापली. मूळ पत्रात ‘डी’ एवढेच आद्याक्षर होते. ‘लेक्लेअर’च्या मजकुरात तेथे ‘ड्रेफस’ असे पूर्ण नाव अवतरले! एका अक्षराचे नाव करणे, ही बातमीतील लहानशी वाटणारी परंतु घातक लबाडी होती. मात्र त्याच बातमीने, आरोपीला न दाखवलेला पुरावा न्यायाधीशांना दाखवला गेला, हे देशाला कळले. ड्रेफस यांच्या पत्नी ल्युसी यांनी त्याच महिन्यात या बेकायदा गोष्टीविरुद्ध संसदेकडे अर्ज केला.

१० नोव्हेंबर १८९६ रोजी ‘ल मातँ’, म्हणजे ‘सकाळ’, या दैनिकाने टोपलीतील त्या मूळ पत्राची हुबेहूब प्रतिकृती छापली. आता ते अक्षर कोणालाही पाहता येत होते. वर्षभराने पॅरिसच्या रस्त्यावर विक्रीस असलेली ही प्रतिकृती एका सराफी व्यावसायिकाच्या नजरेस पडली आणि त्याने ते अक्षर ओळखले. ते त्याच्या एका अशीलाचे होते : मेजर एस्तरहाझी. गुप्तवार्ता विभागाचे नवे प्रमुख लेफ्टनंट कर्नल पिकार हे १८९६ मध्येच स्वतंत्रपणे याच नावापर्यंत पोचले होते. पिकार यांच्या मनातही ज्यूंविषयी आकस होता. तथापि हस्ताक्षर जुळले तेव्हा त्यांनी आकसाला बाजूला सारले, आणि त्याबद्दल वरिष्ठांनी त्यांची दूर ट्युनिशियात रवानगी केली.

वाचकांना न आवडणारे सत्य छापण्याची किंमत काय असते, हे ‘ल फिगारो’च्या उदाहरणावरून दिसते. १८९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या प्रतिष्ठित दैनिकाने एमिल झोला यांचे तीन लेख आणि एस्तरहाझीची फ्रान्सविषयीचा तिरस्कार ओकणारी जुनी पत्रे छापली. वर्गणीदार रागावले, वर्गणी बंद होऊ लागली आणि पत्राने पाऊल मागे घेतले. म्हणून झोला यांचे राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले प्रसिद्ध अनावृत पत्र १३ जानेवारी १८९८ रोजी ‘लोरोर’ या अवघ्या तीन महिन्यांच्या नव्या दैनिकात आले. दोनच दिवसांपूर्वी लष्करी न्यायालयाने एस्तरहाझीला निर्दोष सोडले होते. त्या दिवशी ‘लोरोर’च्या सुमारे तीन लाख प्रती काढाव्या लागल्या. ‘ल फिगारो’ने मात्र पुढे आपली चूक सुधारली. ३१ मार्च १८९९ पासून त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीतील साक्षी एकामागून एक छापून वाचकांपुढे ठेवल्या. त्यात शेरेबाजीपेक्षा साक्षीदारांचे शब्द अधिक होते. जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९४ चा निकाल रद्द केला.

रेघांचा रंग

या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत बोधप्रद प्रसंग १८९८ च्या उन्हाळ्यातील आहे. ७ जुलै रोजी युद्धमंत्री काव्हेन्याक यांनी लोकसभेत एक पत्र वाचून दाखवले. त्यात ड्रेफस यांचे नाव स्पष्ट होते. सभागृह इतके भारावले की मंत्र्यांचे भाषण फ्रान्समधील प्रत्येक गावच्या कचेरीवर चिकटवण्याचा ठराव झाला. सुमारे छत्तीस हजार गावांत तो कागद लागला. पुढच्याच महिन्यात, एका रात्री दिव्याच्या उजेडात, मंत्र्यांच्याच हाताखालील कॅप्टन क्युन्ये तो पुरावा तपासत असता त्यांना दिसले, की पत्राच्या कागदावरील फिक्या रेघांचे रंग एकसारखे नाहीत : मधल्या भागाच्या रेघा एका छटेच्या, वरच्या व खालच्या भागाच्या दुसऱ्या. दोन वेगळी पत्रे कापून जोडलेली होती. ३० ऑगस्ट रोजी कर्नल आँरी यांनी ते पत्र आपणच बनवल्याचे कबूल केले आणि दुसऱ्या दिवशी कोठडीत आत्महत्या केली.

येथे वृत्तपत्रांची खरी परीक्षा झाली. ज्या पुराव्याच्या बळावर आपण चार वर्षे लिहीत आलो, तो पुरावा सरकारनेच बनावट ठरवला. आता काय लिहायचे? काही प्रामाणिक माणसांनी आपले मत बदलले. परंतु शार्ल मोरास यांनी ‘गाझेत द फ्रान्स’ या पत्रातून ती बनावट म्हणजे देशभक्तीचे कृत्य असल्याचा युक्तिवाद मांडला. ‘ला लिब्र पारोल’ने आँरी यांच्या विधवेसाठी वर्गणी उभारली. सुमारे पंचवीस हजार लोकांनी मिळून एक लाख एकतीस हजार फ्रँक जमवले. देणगीदारांच्या यादीत सुमारे तीनशे धर्मगुरूंची नावे होती आणि काहींनी नावासोबत ज्यूंविषयी अत्यंत हीन मजकूर छापण्यास दिला होता. ‘ला क्रुआ’ने आपली भूमिका सोडली नाही. १८९९ मध्ये रेन शहरात दुसरे लष्करी न्यायालय बसले, पाच विरुद्ध दोन मतांनी ड्रेफस यांना पुन्हा दोषी ठरवले गेले आणि दहाच दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. या सर्व काळात क्रूसाच्या चिन्हाखाली खोटी साक्ष छापली जात होती.

सर्व कॅथोलिक गप्प नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. कायद्याच्या इतिहासाचे विद्वान आणि निष्ठावंत कॅथोलिक पॉल व्हिओले यांनी १८९९ मध्ये न्यायाच्या रक्षणासाठी एक कॅथोलिक समिती स्थापन केली. पिशो नावाच्या एका धर्मगुरूंनी त्याच वर्षी ख्रिस्ती सद्सद्विवेकाच्या दृष्टीने या प्रकरणाचा विचार करणारी पुस्तिका लिहिली. हे थोडे लोक होते. परंतु ‘त्या काळी सर्वांचेच मत तसे होते’ ही सबब त्यांच्या अस्तित्वामुळेच आपल्याला वापरता येत नाही.

दुसरी बाजूही त्याच तराजूत

निःपक्षपाती परीक्षण करायचे तर ड्रेफस यांच्या पाठीराख्यांनाही हाच तराजू लावला पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये लोक आपल्या भावाला विसरत चालले आहेत, या काळजीने मात्यू ड्रेफस यांनी एका इंग्रजी वृत्तपत्रातून कैदी बेटावरून पळाल्याची खोटी बातमी पेरली. बातमीने खळबळ उडाली खरी. परंतु तिचा परिणाम भोगला तो आल्फ्रेड यांनीच. बेटावर त्यांना कित्येक रात्री खाटेला लोखंडी कड्यांनी जखडून ठेवण्यात आले आणि समुद्र दिसू नये म्हणून झोपडीभोवती उंच कुंपण उभारण्यात आले. उद्देश चांगला असल्याने खोटी बातमी खरी होत नाही, आणि तिची शिक्षा बहुधा निरपराध माणसालाच होते.

झोला यांचे पत्रही निर्दोष नव्हते. त्यांनी मुख्य कारस्थानी म्हणून ज्या अधिकाऱ्याला पुढे केले, त्याचा दोष होता. पण बनावट पत्र करणारे आँरी त्यांच्या नजरेतून निसटले. पत्राची भाषा वकिलाची नव्हे, कादंबरीकाराची आहे. मात्र दोन गोष्टी त्यांच्या बाजूने सांगाव्या लागतात. त्यांनी नावे घेऊन, आपल्या सहीने आरोप केले आणि माझ्यावर खटला भरा असे स्वतःहून सांगितले. फेब्रुवारी १८९८ मध्ये खटला झाला आणि एक वर्षाची कैद व तीन हजार फ्रँक दंड अशी शिक्षाही झाली. टोपणनावाने एका संपूर्ण समाजावर चिखल उडवणारा लेखक आणि स्वतःच्या नावाने, तपासता येतील असे आरोप करून परिणामांना सामोरा जाणारा लेखक, हे दोघे चुकले तरी एकसारखे चुकत नाहीत.

आपल्या मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातही बनावट पत्रांचा एक धडा आहे. १८८१-८२ मध्ये कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत मजकूर छापला गेला. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट असल्याचे निष्पन्न झाले. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. शिक्षा टळली नाही. डोंगरीच्या तुरुंगात त्यांना १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू तरुण छत्रपतींचा छळ थांबवण्याचा होता, तरी हेतूच्या शुद्धतेमागे ते लपले नाहीत. म्हणूनच त्या चुकीने त्यांची वाचकांतील पत गेली नाही.

किंमत आणि कबुली

‘ला क्रुआ’च्या वाटेची किंमत फ्रेंच ख्रिस्तसभेला भरावी लागली. जानेवारी १९०० मध्ये न्यायालयाने असम्प्शनिस्ट संघ बरखास्त केला. पोप तेराव्या लिओ यांच्या इच्छेनुसार संघाने वृत्तपत्रातून अंग काढून घेतले आणि ते एका प्रापंचिक उद्योजकाच्या हाती गेले. १९०१ आणि १९०४ च्या कायद्यांनी असंख्य व्रतस्थांना देश सोडावा लागला आणि ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने शासन व ख्रिस्तसभा यांची फारकत झाली. या कायद्यांमागे इतरही राजकीय कारणे होती आणि त्यांत निरपराध धर्मभगिनीही भरडल्या गेल्या. पण विरोधकांच्या हाती सर्वांत धारदार शस्त्र आपणच दिले होते.

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकत असताना मी या कायद्यांची वर्षे पाठ केली होती. ‘फ्रान्समधील छळ’ असे त्या धड्याचे शीर्षक माझ्या वहीत होते. छळ झाला, हे खरेच आहे. परंतु त्याआधीच्या दहा वर्षांत आपल्या दैनिकाने शेजाऱ्याविषयी काय छापले, याची एक ओळही माझ्या वहीत नव्हती. धर्मगुरू होऊन बरीच वर्षे लोटल्यावर ते वाचनात आले, तेव्हा मला माझी ती वही आठवली. इतिहासाचे पुस्तकही बातमीसारखेच पक्षपाती असू शकते. तेही जे सांगते त्याने नव्हे, तर जे गाळते त्याने.

१२ जुलै १९०६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ड्रेफस यांना पूर्णपणे निर्दोष घोषित केले. ज्या लष्करी विद्यालयात त्यांची तलवार मोडली गेली, तेथेच त्यांना मानचिन्ह देण्यात आले. पहिल्या महायुद्धात त्यांनी पुन्हा गणवेश चढवला आणि १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२५ मध्ये फ्रेंच संसदेने त्यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला.

आणि ‘ला क्रुआ’? हे दैनिक आजही निघते आणि फ्रान्समधील एक जबाबदार दैनिक म्हणून ओळखले जाते. त्याच्या मधल्या प्रवासात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध करून ज्यूद्वेषाचा निषेध केला, आणि ३० सप्टेंबर १९९७ रोजी फ्रेंच बिशपांनी द्रांसी येथे ज्यू बांधवांची जाहीर क्षमा मागितली. १२ जानेवारी १९९८ रोजी, झोला यांच्या पत्राच्या शताब्दीच्या आदल्या दिवशी, ‘ला क्रुआ’ने आपल्या पानावर आपल्याच जुन्या लेखनाची कबुली दिली. होय, हे आम्ही लिहिले होते, अशा आशयाचा अग्रलेख असम्प्शनिस्ट फादर मिशेल क्युब्लेर यांनी लिहिला. या कबुलीला शंभर वर्षे लागली. तरी ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात दडवलेली नव्हती आणि ‘काहींची मने दुखावली असल्यास’ अशी तिची भाषाही नव्हती.

पारख

आता आवारातल्या त्या प्रश्नाकडे वळू. कोणते वृत्तपत्र खरे, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. ‘ल फिगारो’ एकदा मंत्र्याच्या हातचे बाहुले झाले, एकदा धीट झाले, एकदा घाबरले आणि अखेर पुन्हा उभे राहिले. पत्र तेच होते. म्हणून पारख वृत्तपत्राची करण्याऐवजी दर बातमीची करावी लागते, आणि त्यासाठी लागणारी साधने आपल्या धर्मग्रंथातच आहेत.

दानिएलच्या ग्रंथात सुझान्नाची कथा येते. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी तिच्यावर आळ घेतला आणि सभेने त्यांच्या पदाकडे पाहून विश्वास ठेवला. तरुण दानिएलने त्या दोघांना वेगळे केले आणि प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारला : कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन वेगळ्या झाडांची नावे सांगितली. कॅप्टन क्युन्ये यांनी दिव्याखाली केले तेही हेच. बातमी वाचताना आपणही झाड विचारावे : हे कोणी पाहिले, कागद कोठे आहे, तो पूर्ण छापला आहे की त्यातील एकच शब्द? योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम आपल्याच सहकाऱ्यांना विचारतो, की एखाद्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? तेव्हा बातमीत ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे आले आहे का, तेही शेवटच्या ओळीत नव्हे तर त्याला ओळखता येईल अशा शब्दांत, हे पाहावे. बातमी माणसाच्या कृत्याबद्दल बोलते की त्याच्या जातीधर्माबद्दल, हे पाहावे. आणि चूक उघडकीस आल्यावर ते वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी काय करते, हे तर अवश्य पाहावे.

पण या सर्वांहून कठीण कसोटी वाचकाची आहे. ‘ला क्रुआ’च्या वाचकाला त्याच्या पत्राने जे दिले, ते त्याला हवेच होते. ‘ल फिगारो’ला मागे ओढले ते सरकारने नव्हे, रागावलेल्या वर्गणीदारांनी.

या बाबतीत माझाही हिशेब बाकी आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका लोकप्रतिनिधीविषयी एक बातमी छापून आली होती. त्याचा पक्ष मला आवडत नसे. रविवारच्या प्रवचनात मी ती बातमी नावानिशी सांगितली आणि लोकांनी माना डोलावल्या. दहाबारा दिवसांनी त्याच वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला, की बातमी चुकीच्या माहितीवर आधारलेली होती. मी तो खुलासा वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. पुढच्या रविवारी प्रवचनाचा विषय दुसरा होता. त्या गृहस्थाला मी पुढे एकदा एका लग्नात भेटलो. त्याने नम्रपणे ‘नमस्कार फादर’ म्हटले. मी हवापाण्याविषयी बोललो.

वृत्तपत्राने चार ओळींत का होईना, आपली चूक छापली होती. वेदीच्या बाजूने, क्रूसाच्या खाली उभे राहून, मी तेवढेही केले नाही. आज तो गृहस्थ हयात नाही. ‘ला क्रुआ’च्या शंभर वर्षांच्या विलंबाला नाव ठेवताना मला तो खण आठवतो. येत्या रविवारी, त्याचे कुटुंबीय मिस्साला असतील तेव्हा, त्या चार ओळी वाचून दाखवण्याचे मी ठरवले आहे.